पायाळू परब काकी

परब काकींनी मला नऊ वर्षं 'मालिशवाली' म्हटलं. चार वर्षं कॉलेज, वर सहा महिने इंटर्नशिप, भिंतीवर फ्रेम केलेली डिग्री, दारावर 'फिजिओथेरपिस्ट' अशी ठळक पाटी, तरी मालिशवाली. आणि ते पाठीमागे नाही हं, तोंडावर, चार पेशंट बाकावर बसलेले असताना. "गो मालिशवाली, चाय घेतलंस काय?" मी म्हणायचे, काकी, मी मालिश करत नाही. त्या म्हणायच्या, "मगे करतंस काय तां तरी सांग." मी सांगायला लागले की ऐकत असल्यासारखं करायच्या आणि शेवटी बाकावरच्या बाईकडे वळून, "म्हणजे मालिशच!"

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा, सुहासचा, गावाहून फोन आला. आई गेली म्हणाला. झोपेत गेली, त्रास झाला नाही. मी 'बरं झालं' असं काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवल्यावर स्वतःचा इतका राग आला की त्या दिवशीचे उरलेले पेशंट घरी पाठवले. तो राग अजून उतरलेला नाही. काकींवर आहे की माझ्यावर, तेही धड सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला. चार मजले, लिफ्ट नाही, कारण रीडेव्हलपमेंट होणार होणार म्हणून गेली कित्येक वर्षं कोणी खिळासुद्धा ठोकत नाही. तळमजल्यावर माझं क्लिनिक आणि तिसऱ्या मजल्यावर परब काकी. मूळच्या कणकवलीकडच्या, नवरा गिरणीत होता, तो जाऊन जमाना झाला. बुटक्या, रुंद, चालताना डावीकडे-उजवीकडे डुलणाऱ्या, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याशी घासाघीस केली तर पलीकडच्या बिल्डिंगलाही भाव कळायचा.

काकी पायाळू होत्या. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेल्या. आपल्याकडे समज आहे की पायाळू माणसाने पाय लावला की उसण उतरते. उसण माहीत आहे ना? वाकून बादली उचलायला जावं आणि कंबरेत असं काही धरावं की धड उभं राहता येत नाही, धड बसता येत नाही, श्वास घेतला तरी आई आठवते. अशा माणसाला काकी चटईवर पालथं घालायच्या, भिंतीला हात टेकून उभ्या राहायच्या आणि डावा पाय त्याच्या कंबरेवर तीनदा टेकवायच्या. तिसऱ्यांदा जरा दाबून. मंत्रबिंत्र काही नाही. "उठ" म्हणायच्या. आणि माणूस उठायचा! मला छळायचं ते हेच, की मेला उठायचा!

क्लिनिक उघडलं त्या दिवसाची गोष्ट. पहिला पेशंट म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी लेले काका आले, काटकोनात वाकून. मी अगदी पुस्तकाप्रमाणे फॉर्म काढला, पेन काढलं आणि विचारलं, "काका, दुखणं एक ते दहामध्ये किती?" लेले काका विचार करत होते, तेवढ्यात काकी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन दारात. त्यांनी हे ऐकलं आणि हसून हसून दाराची चौकट धरली. "दुखण्याक धापैकी मार्क? परीक्षा घेतंस काय गो तेची?" मग लेले काकांना, "झोप रे खाली." आणि माझ्याच नव्याकोऱ्या योगा मॅटवर, माझ्याच डोळ्यांदेखत, माझ्या पहिल्या पेशंटच्या कंबरेवर तो डावा पाय तीनदा. लेले काका उठले, कंबर हलवून बघितली, मला म्हणाले, "छान आहे हो क्लिनिक तुमचं," आणि गेले. फॉर्म माझ्या हातात तसाच.

त्यावर मी किती जणांपुढे डोकं फोडलं असेल! उसण म्हणजे स्नायू आखडतो, तो दोन-चार दिवसांत आपला आपण सुटतो, कोणी जरा हलका दाब दिला आणि 'आता उठ' असं ठामपणे सांगितलं की भीती जाते आणि माणूस हालचाल करायला लागतो, एवढंच त्यात आहे. लोक मान डोलवायचे. "बरोबर आहे मॅडम," म्हणायचे, आणि जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जायचे.

पण एक गोष्ट मला कबूल केलीच पाहिजे. पेशंटला काय होतंय हे विचारायला मला काकींनी शिकवलं. त्या एक ते दहावर एवढ्या भडकल्या होत्या की रोज दुपारी येऊन माझी शिकवणी घ्यायच्या. "कळ येता तर थांबून थांबून येता. ठणको लागता तो घड्याळासारखो, तेच्यात पू आसतलो नायतर सूज. चमक एकदाच येता आणि जाता. रग लागता ती कामाची, तिका भिवचां नाय." मग बोट नाचवत, "आणि भगभग! हात लावल्याशिवाय आग होता, रात्री चादर नको वाटता, ती भगभग शिरेची. तुझ्या मार्कांत ह्यां खंय बसता?" खरंच कुठे बसतं? तेव्हापासून मी फॉर्ममध्ये आकड्याच्या शेजारी पेशंटचा शब्द जसाच्या तसा लिहून घ्यायला लागले. निम्मं निदान तिथेच व्हायचं. अर्थात हे मी काकींना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मालिशवालीची एकदम कंपाउंडर झाले असते.

आभाळ गडगडलं की मात्र ही बाई पार पाणी व्हायची. पायाळू माणसावर वीज पडते म्हणे. फ्रिज बंद, टीव्ही बंद, वायफायचा डबा बंद, आणि स्वतः मोरीत पाट टाकून बसायच्या. सुहास अंधेरीच्या कंपनीत होता, घरून काम करायचा त्या दिवसांत त्याची ऑफिसची मीटिंग ऐन मध्यात बंद पडायची. तो बाहेरून ओरडायचा, "आई, माझी नोकरी जाईल!" आतून उत्तर, "नोकरी दुसरी गावतली, आई खंयसून आणतलंस?"

तर अशी सगळ्या मुलुंडची पाठ सरळ करणारी बाई, आणि तिचे स्वतःचे गुडघे कामातून गेलेले. आयुष्यभर विळीवर बसून नारळ खवलेले, तीन मजले दिवसातून चारदा चढलेले. वर साखर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या त्यांना बरं वाटलं की बंद व्हायच्या. "माका गोड आवडत नाय, तर साखर येतली खंयसून?" असा त्यांचा सवाल. मी गुडघ्याचा साधा व्यायाम दिला. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती दाबा, दहा आकडे मोजा, सोडा. एवढंच. लहान मूल करेल. काकींनी दुसऱ्या दिवशी त्या गुंडाळीची उशी करून दुपारची झोप काढली. दुखणं फारच वाढलं की मेडिकलवाल्याकडून 'ती लाल गोळी' आणायच्या. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याशी जाऊन भांडले, किडनी जाईल म्हाताऱ्या माणसाची, चिठ्ठीशिवाय देऊ नका. तो म्हणाला, "मॅडम, परब काकींना नाही म्हणून बघा तुम्ही." मी तरी कुठे म्हणू शकत होते?

एकदा मनोरीहून एक कोळीण आली. सकाळची बोट पकडून, मग रिक्षा, मग गाडी, असं करत काकींच्या पायासाठी मुलुंडपर्यंत. माशांची पाटी उचलताना कंबरेत भरलं होतं. मी मनात म्हटलं, झालं, आता हिलाही तीनदा टेकवणार. पण थोड्या वेळाने काकीच तिला हाताला धरून जिना उतरवून माझ्याकडे घेऊन आल्या. "हिका मी पाय लावचंय नाय. कळ मांडयेतसून पावलात उतरता. आंगठो वर उचल म्हटलां तर उचलत नाय. चिमटो काढलंय तो हिका कळाक नाय. ह्यां उसण न्हय गो, ह्यां तुझ्या पुस्तकातलां आसा." मी तपासलं. मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेली होती, अंगठ्याची ताकद गेली होती. त्याच दिवशी तिला मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं, वेळेत ऑपरेशन झालं. तिने नंतर काकींना सुके बोंबील आणून दिले आणि मला नुसतं थँक्यू. असो.

हे एवढ्यासाठी सांगितलं की काकींना कळत होतं. चिमटा न कळणं किती वाईट, हे त्यांना मुलुंडमधल्या कुठल्याही म्हातारीपेक्षा जास्त कळत होतं. म्हणून तर माझी चिडचिड होते!

त्यानंतर वर्षभरात काकींचे तळपाय भगभगायला लागले. रात्री लादीवर पाय ठेवून बसायच्या, तांब्याने पाणी ओतायच्या. मी सांगितलं, काकी, ही साखर आहे, शिरा जळतायत, गोळ्या नियमित घ्या, डॉक्टरांकडे चला. "बघूया," म्हणाल्या. गुडघे तर दुखतच होते. थंडीत जास्त आखडायला लागले तेव्हा मी म्हटलं, निदान गुडघे शेका, गरम पाण्याची पिशवी घ्या. हे माझं वाक्य. हे मी म्हटलं.

आणि आश्चर्य म्हणजे, माझं हे एक त्यांनी ऐकलं. रोज संध्याकाळी पिशवी घेऊन बसायला लागल्या. महिन्याभराने एक दिवस क्लिनिक भरलेलं असताना दारात आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मालिशवालीचो शेक मात्र बेस हां. गुडघ्यांक उतार पडलो. आणि पावलांची भगभग तर गेलीच. आता पाय अजिबात दुखत नाय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला श्रेय दिलं होतं, तेही चारचौघांत! माझा चेहरा फुलला असणार. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "बघा, ऐकलंत की गुण येतो. शेक चालू ठेवा."

चालू ठेवा! साखरेच्या माणसाची भगभग एकाएकी थांबली तर ती बरी झालेली नसते, शीर मेलेली असते, हे पहिल्या वर्षाच्या पोरीलाही माहीत असतं. टेबलाच्या खणात नायलॉनचा एक बारीक तंतू होता. तो तळपायाला टोचून 'कळतंय का?' असं विचारायचं, दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या कोणी पेशंटने हेच वाक्य म्हटलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे झोपवून पाय तपासला असता. पण ते काकींनी म्हटलं, माझं कौतुक म्हणून म्हटलं, आणि मी त्या कौतुकावर खूश होऊन पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पुढे तीनेक आठवड्यांनी लेले काका ऐटीत क्लिनिकमध्ये आले. पुन्हा उसण भरली होती आणि आत्ताच वरून 'ट्रीटमेंट' घेऊन आलो, असं मला खिजवायला आले होते. "तुझ्याकडे यायच्या आधीच ठणठणीत!" म्हणत गोल वळून त्यांनी पाठ दाखवली. पांढऱ्या बनियनवर, बरोबर कंबरेच्या वर, तळहाताएवढा पिवळट ओला डाग.

मी हात लावून बघितला. वास घेतला. आणि लेले काकांना तसंच उभं सोडून तीन मजले पळत गेले.

काकी खाटेवर बसलेल्या, दोन्ही पाय लुगड्याखाली घेतलेले. म्हटलं, "काकी, डावा पाय दाखवा."

"नाय."

"काकी, मी सांगतेय, दाखवा!"

"काय्येक झालां नाय. जरा फोड इलो होतो, हळद लावलंय."

"दुखतंय का?"

"दुखत नाय म्हणानच सांगतंय ना, काय्येक झालां नाय!"

मी ओरडले, हात जोडले, लुगडं ओढायला गेले तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. शेवटी सुहासला फोन केला. तो अंधेरीहून येईपर्यंत दोन तास आम्ही एकमेकींसमोर बसून होतो, मी स्टुलावर आणि त्या पाय झाकून. त्याच्यासमोर त्यांनी फडकं सोडलं. गरम पिशवीवर टाच टेकवून बसायची सवय लागली होती, आणि टाच भाजत होती ते त्यांना कळतच नव्हतं. रोज थोडी थोडी. टाचेला रुपयाएवढा काळा खड्डा होता आणि लाली घोट्याच्या वर चढली होती. लेले काकांना पाय लावण्यापुरतं त्यांनी फडकं सोडलं होतं आणि काम झाल्यावर पुन्हा बांधलं होतं.

"अगो आई, इतके दिवस? आणि कोणाला सांगितलं नाहीस?" सुहास रडायलाच लागला.

काकी त्याच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "पायाळूचो पाय कुजलो म्हटल्यार कोण येतलो गो माझ्याकडे? ह्या पायाशिवाय माका हय वळखता कोण?"

मला इतका संताप आला! कोण ओळखतं म्हणजे काय? मी ओळखत नव्हते? सुहास नव्हता? पण खरं सांगायचं तर बिल्डिंगच्या फाटकातून आत येणारं अनोळखी माणूस 'परब कुठे राहतात' असं कधीच विचारायचं नाही. 'ती पायाळू बाई कुठे राहते' असंच विचारायचं.

हॉस्पिटलात आधी जखम साफ केली, मग काळी पडत चाललेली दोन बोटं काढली, मग डॉक्टरांनी सुहासला बाहेर बोलावून सांगितलं की विष वर चढतंय, गुडघ्याखाली कापावा लागेल. जीव वाचायला हवा असेल तर आजच. कागदावर सही करताना सुहासने मला विचारलं, "ताई, काही उपाय नाही का?" मी नकारार्थी मान हलवली. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पाय असेल तर काहीतरी करू शकते.

घरी आल्यावर मी रोज वर जायचे. उरलेल्या पायाचा व्यायाम, पट्टी कशी बांधायची, उठून कसं बसायचं. आता त्या सगळं ऐकायच्या, एक शब्द उलटून बोलायच्या नाहीत. ते मला जास्त असह्य व्हायचं. 'मालिशवाली' म्हणा हो, असं ओरडावंसं वाटायचं. बिल्डिंगमधले लोक बघायला यायचे, बिस्किटाचा पुडा ठेवायचे, त्या रिकाम्या जागेकडे न बघायची काळजी घ्यायचे आणि लगेच उठायचे. महिन्याभरात तेही थांबलं. पाठी सगळ्यांच्या भरत होत्याच, पण आता लोक माझ्याकडे यायला लागले. लेले काकासुद्धा. मला त्या माणसाची पाठ धरावीशी वाटेना.

आणि मग काकींचा नसलेला पाय दुखायला लागला. असं होतं. पाय जातो पण मेंदूला ते पटत नाही, तो तिथे पाय आहे असंच धरून चालतो आणि दुखणं पाठवत राहतो. "बोटां आत वळली हत," काकी दात आवळून सांगायच्या, "मूठ वळल्यासारी. सुटनत नाय. सोडव गो कोणतरी." आणि हात खाली नेऊन चादर चाचपायच्या. गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी नुसती गुंगी यायची.

सुहासने त्यांना गावी न्यायचं ठरवलं. तिथे घर तळाचं, जिना नाही. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी काचेच्या दुकानातून दोन फुटांचा आरसा कापून घेतला आणि वर गेले. खाटेवर काकींना टेकून बसवलं, उजवा पाय लांब करायला लावला आणि आरसा दोन्ही पायांच्या मध्ये उभा धरला, असा की आरशात उजव्याचं प्रतिबिंब पडेल आणि डाव्याच्या जागी पाय दिसेल. ही उपचाराची खरी पद्धत आहे, अनेकांना गुण येतो. हे मी त्यांना समजावून सांगितलं.

काकींनी आरशात पाहिलं आणि पहिल्यासारख्या फणकारल्या. "ह्यो माझो न्हय. उजवो आसा ह्यो."

"उजवाच आहे काकी. पण डावा दिसतोय ना? डोक्याला फसवायचंय आपल्याला."

"माझ्या डोक्याक तू फसवतलंस?"

"हो. आता बोटं घट्ट आवळा. आणि हळूहळू सोडा. नजर आरशातच ठेवा."

त्यांनी बोटं आवळली. सोडली. पुन्हा आवळली आणि हळू, एकेक करून सोडली. आरशात डाव्या पावलाची बोटं उलगडत गेली. काकींचे आवळलेले ओठ सैल झाले, खांदे खाली आले. किती आठवड्यांनी त्यांनी असा सरळ श्वास घेतला असेल! काकी त्या पायाकडे बघत राहिल्या, इतक्या एकटक की मला तिथे बसायचीही लाज वाटायला लागली.

आणि तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "काकी, तुम्ही मला सांगितलं होतंत. पाय दुखत नाही म्हणून, सगळ्यांसमोर. मी त्याच दिवशी तपासायला हवा होता. मला कळायला हवं होतं. आणि मी तुम्हाला शेक चालू ठेवा म्हटलं. चूक माझी आहे काकी."

काकींनी नजर आरशातून काढली नाही. फक्त हात वर करून मला थांबवलं.

"उगी रव गो," त्या म्हणाल्या. "माका माझो पाय बघूक दी."

मी दोन्ही हातांनी आरसा धरून बसून राहिले.